अजिंठ्याची नाल आणि व्ह्यू पॉइंटची पायवाट: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी सिल्लोडकडचा, त्यामुळं ओळखीतल्या प्रत्येकाला वाटतं की याला अजिंठ्याचं सगळं माहीत असणार, आणि दर पावसाळ्यात तेच ते प्रश्न येतात. गाडी कुठं लावायची, आईला जमेल का, धबधबा चालू झाला का. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. लेण्यांतल्या चित्रांबद्दल इथं फार काही नाही, त्यावर लिहिणारे भरपूर लोक आहेत. मी लिहितोय ते लेणी ज्या दगडात आहेत त्या कड्याबद्दल आणि तो नीट बघायला जी छोटीशी चाल आहे तिच्याबद्दल.

१. लेणी शाळेच्या सहलीत बघून झालीत, आता परत जाऊन वेगळं काय बघायचं?

सहलीत आपण काय बघितलं ते आठवा. रांगेत उभं राहिलो, एक नंबरात अंधारात पद्मपाणी बघितला, सरांनी शिट्टी मारली, डबा खाल्ला, बसमध्ये बसलो. म्हणजे कड्याच्या पोटात शिरून बाहेर आलो, कडा काही बघितलाच नाही. वाघूर नदीनं तिथं डोंगर घोड्याच्या नालेसारखा गोल कापलाय, जवळपास अडीचशे फूट, म्हणजे ७५ मीटरच्या आसपास उंच सरळ काळा कडा, आणि त्याच्या मधोमध एका ओळीत ३० लेणी. हे लेण्यांसमोरून चालताना कळतच नाही, कारण तुम्ही त्या नालेच्या आतच असता. समोरच्या डोंगरावर चढलात की एका नजरेत अख्खी नाल दिसते, खाली नदी, टोकाला सप्तकुंडाचा धबधबा, आणि लेण्यांपुढून चालणारी माणसं एवढीएवढी, मुंग्यांसारखी. मी स्वतः चार-पाच वेळा लेणी बघितल्यावर पहिल्यांदा वर गेलो आणि स्वतःचाच राग आला, एवढी वर्षं काय केलं म्हणून.

२. हा असा गोल आकार झाला कसा? उल्का वगैरे पडली होती का?

नाही हो, उल्का लोणारला. इथं सगळं काम लाव्ह्याचं आणि पाण्याचं आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, एकदा नाही, थरावर थर, मधे मधे थंड होत. तोच आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. व्ह्यू पॉइंटवरून बघितलं तर कड्यावर आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात, प्रत्येक पट्टी म्हणजे लाव्ह्याचा एक थर. सगळे थर सारखे टणक नाहीत, काही एकदम घट्ट, काही भोकाभोकांचे आणि ठिसूळ. नदी ठिसूळ थर आधी खाते, घट्ट थर पायरीसारखा पुढं राहतो, मग खालचा आधार गेला की तोही कोसळतो. सप्तकुंडाच्या सात पायऱ्या अशाच झाल्यात. आणि वळणावर नदी नेहमी बाहेरच्या बाजूला जास्त जोरात धडकते, त्यामुळं तो काठ खात खात सरळ कडा झाला आणि आतल्या बाजूला उतार राहिला. त्या उतारावरूनच आपली पायवाट जाते.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मराठवाड्यातलं बहुतेक पाणी गोदावरीला जातं, पण वाघूर उत्तरेला खाली खानदेशात उतरते आणि तापीला मिळते. अजिंठ्याचा घाट म्हणजे ही पाणी वाटायची कड आहे, घाटाच्या वर पडलेला थेंब एकीकडं जातो आणि दोन हात पलीकडं पडलेला दुसरीकडं.

३. चालायचं किती? ट्रेकची सवय नाही.

याला ट्रेक म्हटलं तर सह्याद्रीवाले हसतील. लेण्यांच्या खाली, आठ नंबरच्या लेण्याजवळून नदीवर पूल आहे. तो ओलांडला की समोरच्या डोंगरावर वाट चढते. पहिला, म्हणजे खालचा व्ह्यू पॉइंट अगदी जवळ आहे, रमत गमत पंधरा-वीस मिनिटं. तिथून वरचा व्ह्यू पॉइंट अजून ४० मिनिटांची चढण, हिच्यात मात्र दम लागतो, बसत उठत जा. उतरायला निम्मा वेळ. म्हणजे फोटो, पाणी, गप्पा धरून दोन-अडीच तास, आणि लेणी बघायला वेगळे तीन तास तरी ठेवा. अंतर थोडंच आहे, माणसाला मारतं ते ऊन. कुठल्या महिन्यात जायचं ते प्रश्न ८ मध्ये.

४. एसटीनं यायचं तर कुठं उतरायचं?

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, कारण इथं भले भले फसतात. संभाजीनगरहून जळगावकडं जाणारी कुठलीही एसटी पकडा, सिल्लोड जातं, मग अजिंठा येतं. तिथं उतरू नका. ते अजिंठा गाव. लेणी गावात नाहीत. गाव घाटाच्या डोक्यावर, लेण्यांचा फाटा घाट उतरून खाली फर्दापूरच्या अलीकडं, दहा-बारा किलोमीटर पुढं. कंडक्टरला सांगताना "अजिंठा" म्हणू नका, "लेणी फाटा" किंवा "टी पॉइंट" म्हणा. माझी मावशी पुण्याहून येताना गावातच उतरली, भर उन्हात वेशीपाशी पिशवी घेऊन उभी, आणि फोनवर मलाच बोलली की "तुमच्याकडं पाट्या नीट नाहीत". पाटी होती, तिनं फक्त पहिला शब्द वाचला.

अंतर म्हणाल तर संभाजीनगरहून १०० किलोमीटरच्या जरा वर, जळगावहून साठेक. रेल्वेनं लांबून येणाऱ्यांना जळगाव जवळ पडतं. जालन्याकडचे लोक भोकरदन-सिल्लोड करत येतात.

५. खालून वर चढायचं की वरून खाली उतरायचं?

दोन्ही होतं. वरच्या व्ह्यू पॉइंटला अजिंठा गावातून लेणापूरकडं जाणाऱ्या रस्त्यानं गाडी जाते, गावापासून आठ-दहा किलोमीटर. तिथं उतरून चालत खाली यायचं, अर्धा-पाऊण तास लागतो, पूल ओलांडून थेट लेण्यांत. मला स्वतःला हे जास्त आवडतं, कारण आधी सगळी नाल दिसते आणि मग आपण हळूहळू तिच्यात उतरत जातो, जे वरून काळ्या भोकासारखं दिसत होतं ते जवळ येत येत दार होतं, खांब दिसायला लागतात, मग दारातला वॉचमन दिसतो. पण यात गाडीची भानगड आहे, ती प्रश्न १४ मध्ये सांगितलीय. स्वतःची गाडी असेल, ड्रायव्हर नसेल तर सरळ खालून चढा, खालीच उतरा.

६. तिकीट, पार्किंग, वेळ?

भारतीयांना लेण्यांचं तिकीट ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. ऑनलाइन आधीच काढून ठेवा, वरून उतरणार असाल तर तर नक्कीच. गाडी टी पॉइंटला लावायची, पुढं ४ किलोमीटर खासगी गाडी सोडत नाहीत, तिथल्या बसनं जायचं, तिचं वेगळं तिकीट. बस आणि पार्किंगचे दर बदलत राहतात, सुट्टे पैसे जवळ ठेवा. लेणी सकाळी ९ ला उघडतात, नऊच्या आधी टी पॉइंटला पोचलात तर पहिली बस मिळते आणि अर्धा पाऊण तास नाल जवळजवळ तुमची एकट्याची असते.

टी पॉइंटला दुकानवाले मागं लागतात, "साहेब येताना या, माझं नाव लक्षात ठेवा", हातात फुकट दगडाचा तुकडा पण ठेवतात. घेतलात की परतताना तो माणूस तुम्हाला शंभर लोकांतून ओळखतो. प्रेमानं नाही म्हणा.

७. आम्हाला फक्त सोमवारी सुट्टी असते. चालेल का?

लेणी सोमवारी बंद. वेरूळ मंगळवारी बंद, हे दोन्ही लोक हटकून उलटं लक्षात ठेवतात. लेणापूरच्या रस्त्यानं वर जाऊन नाल बघून यायला सोमवार आड येत नाही, पण खाली उतरून आत जायचा विचार करू नका, खालचं सगळं बंद असतं आणि परत तीच चढण चढावी लागेल.

८. कधी जावं? पावसाळा की हिवाळा?

खरं उत्तर असं की ज्याला धबधबा पाहिजे त्यानं पावसाळ्यात जावं आणि ज्याला चालायचंय त्यानं दिवाळीच्या आसपास. वाघूर बारमाही नाही. जुलै ते सप्टेंबर चांगला पाऊस झाला तर सप्तकुंडावरून पाणी पडतं, सगळा डोंगर हिरवा, कड्यावरूनही पातळ पातळ धारा सुटतात आणि लेण्यांच्या दारात पाण्याचे पडदे. बघायला एक नंबर. पण त्याच दिवसांत वरच्या व्ह्यू पॉइंटची चढण करू नये, दगडावर शेवाळ धरतं, बुटाचा सोल कितीही भारी असला तरी घसरतो. पावसाळ्यात खालच्या व्ह्यू पॉइंटपर्यंत जा, नाहीतर गाडीनं वर जा, बघा, गाडीनंच परत या.

ऑक्टोबर-नोव्हेंबर माझ्या हिशोबानं सगळ्यात चांगला, थोडं पाणी असतं, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, घाटात सीताफळं विकायला बसलेल्या बाया असतात. डिसेंबर-जानेवारीत हवा मस्त पण गर्दी आणि शाळांच्या सहली. फेब्रुवारीनंतर डोंगर उघडा पडतो, पळस फुलतो तेवढाच रंग, पण मी म्हणेन दगड बघायचा असेल तर हाच काळ, कारण झाडीनं झाकलेल्या पट्ट्या तेव्हा स्पष्ट दिसतात. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिसाच्या वर, काळा दगड तव्यासारखा तापतो. गेलातच तर नऊला चढायला लागा आणि साडेअकराच्या आत लेण्यांच्या सावलीत या.

९. सप्तकुंडात पोहता येतं का? रीलमध्ये पोरं दिसतात.

रीलमध्ये बरंच काही दिसतं. नाही, पोहू नका, आणि वरच्या बाजूनं कुंडाच्या कडेला तर जाऊच नका. कुंडं खोल आहेत, कडा गुळगुळीत आहेत, आत पडलेल्याला धरायला काही नाही. २०२३ च्या पावसाळ्यात एक तरुण सेल्फी काढताना वरून कुंडात पडला, पोहता येत होतं आणि दगडाला धरून राहिला म्हणून वाचला, दोर सोडून वर काढावं लागलं. दुसरं म्हणजे वर कुठंतरी जोरात पाऊस झाला तर आपल्याकडं ऊन असतानाही पाणी एकदम वाढतं. धबधबा लेण्यांच्या शेवटच्या टोकाकडून नीट दिसतो, तिथून बघा.

१०. आई-बाबा सत्तरीचे आहेत, आणि पाच वर्षांची मुलगी. जमेल?

पोरीची काळजी करू नका, ती तुमच्या आधी वर पोचेल, तिला कठड्यापासून लांब ठेवा एवढंच. आई-बाबांचे गुडघे बरे असतील तर खालचा व्ह्यू पॉइंट जमेल, काठी घ्या, सकाळी जा. वरचा नको. लेण्यांच्या पायऱ्यांसाठी खाली डोलीवाले असतात, चार जण खुर्ची उचलून नेतात, भाव आधी ठरवा. पण ती सोय लेण्यांसाठी, डोंगर चढायला नाही. मोठ्या माणसांना नाल दाखवायचीच असेल तर गाडीनं वर न्या, प्रश्न ५ बघा. मी माझ्या वडिलांना असंच नेलं, ते अर्धा तास कठड्याला टेकून गप्प बसले आणि मग म्हणाले, "एवढा दगड फोडला, पण मलबा कुठं टाकला असेल?" मला उत्तर आलं नाही, पण प्रश्न पाथरवटाच्या डोक्याचा होता. खाली नदीचं पात्र आहे, दुसरं कुठं टाकणार.

११. माकडं आणि मधमाश्यांबद्दल ऐकलंय, खरं आहे का?

माकडांचं खरं आणि रोजचं. पिशवी प्लास्टिकची असेल आणि हातात लोंबत असेल तर ती गेली समजा, त्यांना तो आवाज ओळखीचा झालाय. मागं एका बाईंच्या हातातून वानरानं केळ्याचा घड घेतला, शांतपणे कठड्यावर बसून एक एक सोलून खाल्लं आणि साल खाली टाकलं, त्या बाई मात्र "अरे निदान एक तरी ठेव" म्हणत उभ्या. खाऊ बॅगेत चेन लावून ठेवा, खायला घालू नका.

मधमाश्यांचं रोजचं नाही, पण हलक्यात घेऊ नका. कड्याला आग्या मोहोळं लागतात, वर बघितलं तर काळे पोळे लोंबताना दिसतात. पर्यटकांवर हल्ले झालेत. भडक वासाचं अत्तर नको, सिगारेट-धूर नको, दगड मारायचा तर विचारही नको. उठल्याच तर हात न झटकता तोंड-डोकं कपड्यानं झाका आणि तिथून लांब निघा. ज्याला मधमाशीची ॲलर्जी आहे त्यानं औषध जवळ ठेवल्याशिवाय येऊ नये.

१२. सोबत काय घ्यायचं, जेवायचं कुठं?

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पकड असलेले बूट किंवा पट्ट्याची सँडल. स्लिपर नको. लेण्यांत बूट काढावे लागतात, चेनवालं किंवा झटकन निघणारं बरं पडतं आणि उन्हाळ्यात मोजे ठेवा, फरशी चटका देते. चढणीवर टपरी वगैरे नाही, खालीच पाणी भरून घ्या. जेवण टी पॉइंट, फर्दापूर किंवा घाट चढून सिल्लोडच्या वाटेवर ढाब्यावर. शेवभाजी मागवा, इथून खानदेश सुरू होतो त्यामुळं झणका असतो, "तिखट कमी" असं सांगून काही उपयोग होत नाही हे आधीच सांगतो.

१३. तो इंग्रज वाघाच्या मागं आला आणि त्यानं लेणी शोधली, ती जागा हीच का?

हो, वरचा व्ह्यू पॉइंट. जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या घोडदळातला अधिकारी, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आला होता म्हणतात आणि पलीकडच्या कड्यात त्याला लेण्याची कमान दिसली, दहा नंबरची. त्यानं आत जाऊन खांबावरच्या चित्रावर नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती आजही आहे, पण डोक्याच्या वर आहे, कारण तेव्हा आत पाच-एक फूट मातीचा ढीग होता आणि तो त्याच्यावर उभा होता. आज कोणी असं कोरलं तर आत टाकतील.

"शोधली" या शब्दावर माझा आक्षेप आहे. एप्रिलच्या शेवटाला झाडं वाळलेली, कडा उघडा, समोरून दिसणारच. आणि गुरं चारणाऱ्या लोकांना ती माहीत नव्हती असं कसं होईल, शेजारच्या गावाचं नावच लेणापूर आहे. त्यानं बाहेरच्यांना कळवली, एवढं म्हणू. वेळ असेल तर अजिंठा गावात पारोची कबर बघून या. १८४४ पासून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला इथं राहिलेल्या रॉबर्ट गिलसोबत ती असायची, १८५६ ला गेली. गिल स्वतः भुसावळला पुरलाय.

१४. वरून उतरलो आणि गाडी वरच राहिली तर?

मग तुम्ही अडकलात. पायी परत चढा, नाहीतर लेण्यांतून बसनं टी पॉइंट, तिथून एसटीनं किंवा वडापनं घाट चढून अजिंठा गाव, तिथून रिक्षानं वर व्ह्यू पॉइंट, आणि संध्याकाळी त्या रस्त्याला रिक्षा मिळेलच असं नाही. म्हणून वरून उतरायचं तर ड्रायव्हर पाहिजे, तो गाडी घाटानं फिरवून टी पॉइंटला आणेल. ड्रायव्हर नसेल आणि चार जण असाल तर चिठ्ठ्या टाका. आमच्यात ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते तो ढाब्याचं बिल देत नाही, असा नियम आहे.

१५. वाटेत चमकणारे दगड सापडतात, घरी आणले तर?

त्या गारगोट्या. भोकाभोकांच्या लाव्ह्यात ज्या पोकळ्या राहिल्या, त्यात नंतर पाण्यातून खनिजं बसत गेली आणि स्फटिक झाले, पांढरे, कधी गुलाबी, कधी हिरवट. पायवाटेच्या कडेला दगड नीट बघितला तर वाटाण्याएवढे पांढरे ठिपके दिसतील, तीच सुरुवात. टी पॉइंटला विकायला मांडलेले मोठे तुकडे याच जातीचे. लेण्यांच्या परिसरातून मात्र उचलू नका, जागा संरक्षित आहे, १९८३ पासून जागतिक वारसा आहे. एकदा मीही लहान असताना खिशात घातला होता, आजीनं घरी आल्यावर विचारलं, "देवाच्या घरचा दगड आणलास?" आणि पुढच्या वेळी परत टाकायला लावला. कायद्याआधी आजी होती.

१६. ड्रोन उडवू का?

परवानगीशिवाय नाही. मोबाइलनं खुशाल काढा, लेण्यांत फ्लॅश बंद. वरून फोटो काढताना एक लक्षात घ्या, नालेला दोन बाजू आहेत, ऊन एका वेळी सगळीकडं सारखं पडत नाही, एक बाजू उजळली की दुसरी काळी. सगळी नाल एका फोटोत पाहिजे असेल तर ढगाळ दिवस चांगला.

१७. त्याच दिवशी वेरूळ, वेताळवाडी किंवा लोणार होईल का?

वेरूळ नाही, ते संभाजीनगरच्या पलीकडं, आणि दोन्ही लेणी एका दिवसात बघितली म्हणणारा दोन्ही बघत नाही. लोणार तर वेगळाच जिल्हा, वेगळा दिवस. वेताळवाडीचा किल्ला सोयगावकडं आहे, जवळ आहे, पण त्यालाही चढण आहे. मुक्काम करणार असाल तर फर्दापूरला एमटीडीसीचं आहे, तिथं राहून दुसऱ्या दिवशी सकाळी वेताळवाडी करा, तिथं तर तिकीटपण नाही आणि माकडंही कमी.

१८. चढताना अचानक पाऊस आला तर वर जायचं की खाली?

जे जवळ असेल तिकडं, पण झाडाखाली थांबू नका, विजा असतात. खालच्या व्ह्यू पॉइंटच्या पुढं गेला नसाल तर परत फिरा आणि पुलाकडं या, मात्र पुलावर पाणी आलेलं दिसलं तर ओलांडू नका, अलीकडच्या बाजूलाच उंचावर थांबा. वरच्या टप्प्यात असाल तर वर जाऊन रस्त्याला लागा आणि लेणापूरकडं निघा. बसून, हात टेकत, बुडावर घसरत उतरलात तरी चालेल, पँट धुता येते.